भिंतीजवळचे तीन खड्डे

"बाई, हे तुमाला नाही सांगता यायचं," मीखाबाबा म्हणाला आणि पानांच्या ढिगात दाताळं खुपसून माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौथीच्या वर्गातली साठ पोरं मी नुसत्या भुवईवर गप्प करायची, आणि हा म्हातारा मला पाठ दाखवत होता.

"मला नाही, तर मग कुणाला सांगता येईल?"

"कुणालाच नाही. तुमाला तर नाहीच नाही."

"मीखाबाबा, मी चर्चच्या पंचकमिटीच्या वतीने विचारते आहे. या कबरस्तानात फुलझाड म्हणून एक नाही. मग हे एवढं खत तुम्हाला लागतं कशाला?"

"लागतं," एवढंच तो म्हणाला.

या गोष्टीला आता एकोणतीस वर्षं झाली. आमचं कबरस्तान गावाबाहेर मुरमाड माळावर आहे. कबर खणायची तर कुदळ चालत नाही, पहार लागते. मिशनच्या काळात कुणीतरी तिथे साग, शिरीष आणि कडुनिंब लावले होते, आणि ते कसे कोण जाणे जगले. फेब्रुवारी लागला की झाडं पानं टाकायला लागत. सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत, शिरसाच्या वाळक्या शेंगा दिवसभर खुळखुळत. मीखा पाटोळे तिथला रखवालदार, आणि कबरी खणणाराही तोच. साठी उलटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू, बायको कधीच वारलेली. फाटकाला लागून असलेल्या एका खोलीत तो एकटा राहायचा.

मागच्या भिंतीला लागून त्याने कमरेइतके खोल तीन खड्डे खणले होते. एकात यंदाची पानं, दुसऱ्यात गेल्या वर्षीची, तिसऱ्यात त्याच्याही आधीची. हापशाचं पाणी बादलीने आणून तो पानं भिजवायचा, खड्ड्यात उतरून पायांनी तुडवायचा, वर गोणपाट टाकायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी दाताळ्याने वरखाली करायचा. तिसऱ्या खड्ड्यातलं जे काही व्हायचं ते वाळूच्या चाळणीतून चाळून पोत्यांत भरून ठेवायचा. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. कशासाठी, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत कुणी विचारलंही नव्हतं.

विचारायची वेळ आली ती एका धामणीमुळे. आमची ईस्टरची पहाटेची उपासना कबरस्तानातच भरते. आदल्या वर्षी तिसरं गीत चालू असताना त्या खड्ड्यांतून एक धामण निघाली आणि गाणाऱ्या बाया साड्या सावरत कबरींवरून उड्या मारत सुटल्या. आता आठवलं की हसू येतं. पण यंदा उपासनेला बिशपसाहेब येणार होते, आणि पंचकमिटीचे सेक्रेटरी लोंढे सर हसणाऱ्यांतले नव्हते.

"ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आत ते खड्डे गेले पाहिजेत," सर मला म्हणाले. "नाही गेले तर पाटोळ्याने खोली रिकामी करायची. नाहीतरी आता म्हातारा झालाय. बाई, तुम्ही समजावा त्याला. तुमचं ऐकेल तो."

माझं ऐकेल असं सगळ्यांनाच वाटायचं, कारण तिथे माझं माणूस होतं. निशांत, माझा एकुलता एक. साडेतीन वर्षांचा असताना घटसर्पाने गेला. त्याचे वडील फौजेत, तेव्हा आसामात होते; मातीला पोचू शकले नाहीत. कबरेशी मी एकटी उभी होते, आणि मला एकाच गोष्टीची भीती वाटत होती. लहानपणी माहेरी माझ्या वडिलांच्या पेटीवर माती पडताना मी ऐकली होती. ढेकळं आणि खडे फळीवर आदळले की दार ठोठावल्यासारखा आवाज येतो. तो आवाज निशांतच्या पेटीवर मला सोसणार नव्हता. पाळकांनी प्रार्थना केली, मी मूठ टाकली, माझ्यामागून सगळ्यांनी टाकली, आणि मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही.

पुढच्या महिन्यात महिला मंडळात मी उभं राहून साक्ष दिली, की त्या घटकेला प्रभूने माझे कान बंद केले. तेव्हापासून नऊ वर्षं दर ईस्टरला मी तीच साक्ष देत आले. बाया डोळे पुसायच्या. नव्याने दुःख झालेलं कुणी असलं की पाळक त्यांना माझ्या शेजारी बसवायचे. सतरंजीच्या अगदी शेवटच्या टोकाला टोपी हातात घेऊन मीखाबाबा बसलेला असायचा. मी त्या साक्षीवरच जगत होते. दुसऱ्या कुणाच्या मातीला मात्र मी त्यानंतर कधीही कबरेपर्यंत गेले नाही. फाटकाशी थांबायचे आणि तिथूनच परत फिरायचे. देव एकदा कान बंद करतो, दर वेळी करेलच असा भरवसा मला नव्हता.

तर त्या दिवशी मी मीखाबाबाला पुन्हा समजावून पाहिलं.

"खोली जाईल तुमची."

"जाऊ द्या."

"मग राहणार कुठे?"

"लेकीकडं. तिच्या सासरी ठिवतील दोन दिस."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

त्याने दाताळं उपसलं, पुन्हा खुपसलं. खड्ड्यातून वाफ आली. "खड्डं मोडू नका, बाई. यंदाचं कच्चं हाय, गेल्या सालचं अर्धं झालंय. एकडाव मोडलं तर दोन सालं हात रिकामा ऱ्हातो."

एवढ्या हट्टापायी म्हातारा उघड्यावर येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी त्याचं भलं करायला निघाले. आणि कुणाचं भलं करायला निघाले की मी मग कुणाचंच ऐकत नसे.

नगरच्या दवाखान्यात त्याच्या मोतीबिंदूसाठी मी तारीख घेतली. डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली, डब्यात पोळ्या बांधून दिल्या आणि शनिवारी सकाळच्या एसटीत त्याला बसवून दिलं.

"बाई, तुमी लई करता माझ्यासाठी," तो खिडकीतून म्हणाला.

एसटी वळणाआड गेली तशी मी शाळेच्या दोन शिपायांना घेऊन माळावर गेले. पहिला खड्डा काडी लावताच भडकला. दुसरा पेटेना, रॉकेल ओतल्यावर धुमसायला लागला आणि त्याचा पिवळट धूर सबंध माळावर पसरला. तिसऱ्यात जाळण्यासारखं काही नव्हतंच. काळी, भुसभुशीत माती होती. मी मूठभर उचलून पाहिली. थंड होती, खड्याचा एक कण नव्हता तिच्यात. हाताला ती ओळखीची वाटली, पण कुठे घेतली होती ते आठवेना, आणि शिपाई खोळंबले होते. बिशपसाहेबांच्या गाडीसाठी फाटकापासून आत मुरमाचा रस्ता चालला होता. त्यात बरेच खळगे होते.

"तिकडे टाका," मी म्हटलं.

खड्ड्यातली आणि पोत्यांतली सगळी काळी माती रस्त्याच्या खळग्यांत गेली. वर मुरूम पडला आणि त्यावरून रूळ फिरला.

दिवस मावळायच्या सुमाराला मीखाबाबा परत आला. डोळ्यात औषध घातलेलं, सारखं पाणी गळत होतं. भिंतीशी जाऊन तो खड्ड्यांच्या काठावर उभा राहिला.

"तुमची खोली राहिली, मीखाबाबा," मी म्हटलं. मला वाटलं होतं, रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, मग समजेल.

"काळी कुठं टाकली?" त्याने विचारलं.

मी रस्ता दाखवला. तो तिथे जाऊन उकिडवा बसला, रूळ फिरलेला मुरूम बोटांनी उकरू लागला. जरा वेळाने उठला आणि हात धोतराला पुसले.

"आता दोन सालं देवानं कुणाला न्यायला नको," तो म्हणाला आणि खोलीत गेला. मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही.

झावळ्यांचा रविवार झाला आणि बुधवारी पहाटे सलोमी ओहोळ गेली. पाच वर्षांची होती. मेंदूज्वर झाला आणि तिसऱ्या दिवशी संपलं. तिची आई रूथ आमच्याच शाळेत बालवाडीला शिकवायची. त्याआधी ती माझी विद्यार्थिनी होती. मी घरी गेले तेव्हा ती रडत नव्हती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, तुम्ही माझ्याजवळ उभ्या राहाल ना? तुम्हाला काही ऐकू आलं नव्हतं. मलापण नको ऐकू यायला."

"नाही येणार," मी म्हटलं. "प्रभू आहे."

नऊ वर्षांनी मी पहिल्यांदा कुणाच्या मातीला फाटकाच्या आत गेले, कबरेच्या काठापर्यंत. सलोमीच्या वडिलांनी, मनोहरने, पेटी एकट्यानेच दोन्ही हातांवर आणली होती. काठाशी गोणपाट अंथरून मीखाबाबाने त्यावर लोकांच्या मुठीसाठी मातीचा लहानसा ढीग केला होता. तांबडा मुरूमच होता तो. सकाळपासून बसून त्याने तो तीनतीनदा चाळला होता, ढेकळं हातांनी फोडली होती. त्याच्या बोटांची टोकं सोलवटलेली मला दिसली. पण मुरूम चाळून त्याची माती होत नाही.

पेटी खाली उतरली. प्रार्थना झाली. मनोहरने मूठ टाकली.

तोच आवाज होता, माझ्या वडिलांच्या वेळचा. लहान पेटीवर तो आणखी मोठा येत होता.

रूथने माझ्याकडे पाहिलं. "बाई, मला ऐकू येतंय," ती म्हणाली. वर्गात फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मूल हळूच सांगतं, तशी म्हणाली.

तिच्या सासूने मूठ टाकली.

"बाई, येतंय ऐकू."

मलाही येत होतं. एकेक खडा वेगळा ऐकू येत होता. मग लोकांनी मला पुढे केलं. मी वाकून मूठ भरली आणि खडे तळव्याला टोचले, तेव्हा माझ्या हाताला आठवलं. शनिवारी जी काळी माती ओळखीची वाटली होती, ती कुठे घेतली होती ते आठवलं. थंड होती, मऊ होती, एक कण बोचला नव्हता. निशांतच्या पेटीवर मी तीच टाकली होती.

मी मूठ टाकली नाही. तशीच मिटून मागे सरले. रूथने माझा हात कधी सोडला ते मला कळलंच नाही.

सगळे गेल्यावर मीखाबाबा कबर थापत होता. मी तिथेच उभी होते.

"निशांतच्या वेळी कुठली होती?" मी विचारलं.

कशाबद्दल विचारते आहे हे सांगावं लागलं नाही. "सागाची," तो म्हणाला. "थोडी शिरसाची. दोन पावसाळे खाल्लेली. चांगली उतरली व्हती."

"सगळ्यांनाच टाकता?"

"सगळ्यांनाच. पेटीवर आधी दोन घमेली काळी, मंग मुरूम. लोकांच्या मुठीलाबी तीच, कुठली म्हून कुणी कधी इचारलं न्हाई. बारक्या पेटीला जरा जास्त. तिची फळी पातळ असती." त्याने फावडं टेकवलं. "आमचा धाकला गेला तवा नुसता मुरूमच पडला. पुढं वरीसभर आमच्या हिनं भाकरी थापली नाही. थापायला बसली की हात आखडायचा. म्हणायची, तसंच वाजतंय. मी हाटलावनं पाव आणायचो. मंग मिशनच्या बंगल्यावरल्या माळ्याला जाऊन इचारलं, मऊ माती कशी करत्यात. तवापासून करतोय."

"मग मला का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं. तेव्हा सांगितलं असतंत तर..."

"कसं सांगायचं? तुमी दर सालाला सगळ्यांम्होरं उभ्या ऱ्हाता, सांगता, देवानं कान बंद केलं. त्याच्या बळावर तर तुमी शाळंत जात व्हत्या, जेवत व्हत्या. तिथं मी सांगू का, बाई, देवानं न्हाई, पाल्यानं?"

"खोली गेली असती तुमची."

"गेली असती," तो म्हणाला आणि फावडं उचलून पुन्हा कबर थापू लागला.

मला शरम वाटली. देवाची नाही, त्या माणसाची. नऊ वर्षं तो सतरंजीच्या टोकाला बसून माझी साक्ष ऐकत होता, आणि माझ्याइतकाच तोही ती जपत होता.

ईस्टरच्या पहाटे बिशपसाहेबांची गाडी नव्या रस्त्यावरून कबरस्तानात आली. भिंतीजवळची जमीन सपाट होती, तिच्यावर काळा डाग होता. लोंढे सर खुशीत होते. तिसरं गीत निर्विघ्न पार पडलं आणि सरांनी जाहीर केलं, "आता उजागरेबाई आपल्याला साक्ष देतील."

समोर दुसऱ्या ओळीत रूथ बसली होती. सबंध रात्र मी विचार केला होता, की आजारी आहे म्हणून घरी राहावं. किंवा जुनीच साक्ष द्यावी. कुणाला काय कळणार होतं? रूथला वाटलं असतं, देवाने बाईंचे कान बंद केले आणि माझे केले नाहीत, माझ्यातच काही कमी असेल. ते मात्र मला होऊ द्यायचं नव्हतं.

"दर वर्षी मी तुम्हाला सांगत आले, की प्रभूने माझे कान बंद केले होते," मी म्हटलं. "ते खरं नाही. माझे कान उघडेच होते. माती मऊ होती."

मग मी खड्ड्यांचं सांगितलं, पानांचं सांगितलं, पेटीवरच्या दोन घमेल्यांचं सांगितलं. माझा आवाज वर्गातल्यासारखाच निघत होता, मलाच नवल वाटलं. "ती माती मीखा पाटोळे करत होते. मी त्यांना फसवून दवाखान्यात पाठवलं आणि ती रस्त्यात घातली. बुधवारी रूथला जे ऐकावं लागलं, ते माझ्यामुळे ऐकावं लागलं."

रूथ उठली, चप्पल शोधून पायात घातली आणि फाटकाबाहेर निघून गेली. दर वर्षी माझ्या साक्षीनंतर सगळे एका आवाजात आमेन म्हणत. त्या दिवशी कुणीच म्हणालं नाही. मीखाबाबा मान खाली घालून टोपीची कड चाचपत बसला होता.

त्याची खोली राहिली. खड्ड्यांचं नाव पंचकमिटीत पुन्हा निघालं नाही. शाळा सुटली की मी माळावर जायची, झाडू घेऊन उरलीसुरली पानं गोळा करायची. आधी त्याला ते आवडलं नाही, मग त्याने मला पानं निवडायला शिकवलं. सागाची शीर काढून टाकायची, निंबाच्या काड्या चालतात, शेंगा नको. पाणी किती, तर पान मुठीत दाबलं की एखादाच थेंब सुटावा इतकं. पण कितीही राबलं तरी दोन पावसाळे घालवल्याशिवाय ती माती होत नाही, घाई केलेली तिला चालतच नाही. त्या दोन वर्षांत आमच्या मंडळीत अकरा जण गेले. अकराही जणांच्या मातीला मी कबरेच्या काठाशी उभी राहिले आणि ऐकलं.

रूथ माझ्याशी बोलत नव्हती. शाळेत समोरासमोर आलो तर ती भिंतीकडे बघत निघून जायची. मी कधी तिला थांबवलं नाही. क्षमा मागायची म्हणजे तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते ओझं तिच्यावर कशाला टाकायचं?

तिसऱ्या फेब्रुवारीत एका दुपारी मी आणि मीखाबाबा पहिला खड्डा भरत होतो. तिसऱ्यातली माती तयार झाली होती, फक्त चाळायची राहिली होती. फाटक वाजलं. रूथ आत आली. तिच्या डोक्यावर पोतं होतं, फुगलेलं पण हलकं. माझ्याकडे न बघता तिने ते मीखाबाबापुढे ठेवलं.

"बाबा, आमच्या मागच्या दारी बदाम आहे. ही पानं चालतात का?"

मीखाबाबाने पोत्यात हात घालून एक लालसर पान काढलं, दुमडून पाहिलं. "चालत्यात. पर ही जाड असत्यात. यास्नी येळ लागतो."

"किती?"

"तीन सालं."

"लागू देत," रूथ म्हणाली. तिने पोतं खड्ड्यात रिकामं केलं. काठावर बसून साडी वर खोचली, आत उतरली आणि पानं तुडवायला लागली. जरा वेळाने न थांबताच म्हणाली, "बाई, या ना. एकटीच्या वजनाने दबत नाहीत ही."

मी चपला काढून खड्ड्यात उतरले. बदामाची वाळकी पानं पायाखाली केवढी तरी वाजतात. आम्ही दोघी तुडवत राहिलो. मीखाबाबा काठावरून बादलीने पाणी घालत होता, आणि पानं भिजत गेली तसा तो आवाज कमी होत गेला.